कंस काढण्याच्या आज्ञा

वर्गात ‘कंस’ हा शब्द उच्चारला की मुलांच्या डोळ्यांपुढे प्रथम मथुरेचा राजा उभा राहतो. अंकगणिताच्या तासाला त्याच शब्दाने आकड्यांभोवतीची दोन वाकडी चिन्हे आठवतात. भूमितीतील कंसाचा क्रम तिसरा, आणि तोही बहुधा वर्तुळाच्या पाठाच्या अखेरीस, घंटा होण्याच्या बेतात असताना येतो. वर्तुळावर दोन बिंदू घेतले म्हणजे वर्तुळाचे जे दोन भाग होतात त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे कंस. लहान तो लघुकंस, मोठा तो विशालकंस. एवढे फळ्यावर लिहिले की पाठ पुरा झाला असे समजले जाते.

या तिसऱ्या कंसाकडे अधिक लक्ष देण्यास आता सबळ कारण आहे. नाशिकजवळील सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे जे सुटे भाग घडविले जातात, त्यांची आरेखने पूर्वी मोठ्या फळ्यावर, टी-स्क्वेअर व कंपास यांच्या साहाय्याने होत असत. आज ती संगणकावर होतात. सातपूर येथील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किंवा अन्यत्र आरेखकाचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या दिंडोरी, पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील मुलामुलींस तेथे गेल्यावर कंपास फारसा हाती धरावा लागत नाही. त्यांस आज्ञा द्यावी लागते. आज्ञेची नावे व कळा आठ दिवसांत पाठ होतात. परंतु ती आज्ञा आपल्याला काय विचारते आहे, आणि हाती असलेल्या मापांवरून तिला काय उत्तर द्यावे, हे ज्याला उमगत नाही तो विद्यार्थी पडद्यापुढे अडून बसतो. ही अडचण संगणकाची नसून भूमितीची आहे, व तिचे मूळ प्राथमिक शाळेतील त्या घाईच्या पाठात आहे.

कंपासाने कंस काढणे आणि आज्ञेने कंस काढणे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. कंपासाचे टोक कागदावर टेकले, पेन्सिल फिरविली, आणि पुरेसे वाटले तेथे हात थांबविला, की कंस होतो. मध्य कोठे घेतला, पाय किती फाकविले, कोठून आरंभ केला, कोणत्या बाजूस फिरविले आणि कोठे थांबविले या पाचही गोष्टी हात मुकाट्याने ठरवितो. मुलाला त्या शब्दांत मांडाव्या लागत नाहीत. संगणकाला मात्र ‘पुरेसे वाटले तेथे’ हे कळत नाही. त्याला सर्व सांगावे लागते. म्हणून आज्ञेने कंस काढणे हा वस्तुतः कंस सांगता येण्याचा अभ्यास आहे.

ऑटोकॅड ही या कामाची सुपरिचित आज्ञावली १९८२ साली प्रथम बाजारात आली. तीत कंसासाठी ‘आर्क’ ही आज्ञा असून तिच्या यादीत कंस काढण्याच्या अकरा रीती दिलेल्या आहेत. अकरा हा आकडा ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्यांतील तीन रीती दुसऱ्या तिघींसारख्याच असून त्यांत फक्त मध्य आधी सांगावयाचा असतो, एवढाच फरक. उरलेल्या रीतींची गोळाबेरीज मुलांच्या परिचयाच्या वस्तूंवरून करता येते.

आरंभ फुटलेल्या बांगडीपासून करावा. बांगडीचा एक तुकडा कागदावर ठेवून त्याच्या कडेने रेघ ओढली की कंस मिळतो. मूळ बांगडी केवढी होती हे मात्र त्या रेघेवर लिहिलेले नसते. त्या कंसावर कोठेही तीन बिंदू घ्यावेत. पहिल्या व दुसऱ्या बिंदूंना जोडणाऱ्या रेघेचा लंबदुभाजक काढावा. दुसऱ्या व तिसऱ्या बिंदूंना जोडणाऱ्या रेघेचाही काढावा. हे दोन दुभाजक जेथे छेदतात तो बांगडीचा मध्य. तेथे कंपास टेकून वर्तुळ पुरे केले की ते तुकड्याशी तंतोतंत जुळते, आणि फुटलेली बांगडी कागदावर सांधली जाते. ही रचना उच्च प्राथमिक वर्गांतील मुले त्रिकोणाच्या परिवर्तुळाच्या निमित्ताने करतातच. बांगडीचा तुकडा हाती असला म्हणजे तिचे प्रयोजन समजते.

‘आर्क’ आज्ञेची पहिली रीत हीच आहे. आज्ञा दिल्यावर आज्ञावली आरंभबिंदू विचारते, मग दुसरा बिंदू, मग अंत्यबिंदू. तीन बिंदू मिळताच ती लंबदुभाजकाचेच गणित मनातल्या मनात करून मध्य शोधते व कंस काढते. मुलांनी कागदावर जे पाच मिनिटांत केले ते ती निमिषात करते, एवढेच. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत दिले तर मात्र ती कंस काढीत नाही. याचे कारण मुलांना विचारावे. दोन्ही लंबदुभाजक समांतर होतात, ते छेदतच नाहीत, मध्य मिळत नाही. मध्य नाही तर कंस कोठून येणार? हे उत्तर ज्या वर्गातून येईल त्या वर्गाला संगणक नसला तरी ही रीत आली असे समजावे.

येथे शिक्षकांनी स्वतःच्या समजुतीसाठी एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सपाट पृष्ठावरचा एक कंस पुरता निश्चित करण्यास पाच आकडे लागतात: मध्याचे दोन निर्देशक, एक त्रिज्या, आणि आरंभ व अंत यांचे दोन कोन. आज्ञावली आपल्या दप्तरात कंस साठविते तो याच पाच आकड्यांनी. मग तीन बिंदूंचे निर्देशक मिळून सहा आकडे का द्यावे लागतात? कारण मधला बिंदू कंसावर जरा अलीकडे किंवा पलीकडे सरकविला तरी कंस तोच राहतो. म्हणजे सहांतील एक आकडा जादा आहे. कोणतीही रीत घेतली तरी हे पाच आकडे या ना त्या रूपाने तिला मिळालेच पाहिजेत. अकरा रीती म्हणजे तीच पाच उत्तरे देण्याचे निरनिराळे मार्ग होत. काम करताना हाती कोणती मापे आहेत त्यावरून मार्ग निवडावयाचा असतो.

ही निवड कशी करावयाची हे एका कमानीवरून पाहू. दरवाजाची रुंदी १२० सेंटिमीटर आहे, आणि त्यावर मध्यभागी २० सेंटिमीटर उंच उठलेली कमान हवी आहे. गवंड्याला घरमालकाने एवढेच सांगितलेले असते. त्रिज्या कोणी सांगत नाही. संगणकावर हे काम तीन बिंदूंनी लगेच होते. दरवाजाचा डावा वरचा कोपरा ०,० मानला तर उजवा कोपरा १२०,० होतो आणि कमानीचा माथा ६०,२०. हे तीन बिंदू क्रमाने दिले की कमान तयार. परंतु गवंड्याला प्रत्यक्ष भिंतीवर दोरीने कमान आखावयाची असते; त्याला खिळा कोठे ठोकावा आणि दोरी किती लांब घ्यावी हे कळले पाहिजे. तेथे त्रिज्या लागतेच.

या प्रश्नाचे उत्तर नाशिकच्या शेजारीच शोधता येते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून मठ स्थापन केला, त्याला इ. स. १२०७ च्या सुमारास मिळालेल्या दानाची नोंद त्यात आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, कंसाच्या तीन अंगांना धनुष्यावरून नावे दिलेली आढळतात. वाकलेला भाग ते चाप, दोन टोकांना जोडणारी दोरी ती ज्या किंवा जीवा, आणि दोरीच्या मध्यापासून चापाच्या मध्यापर्यंतचे अंतर तो शर, म्हणजे बाण. पाठ्यपुस्तकातील ‘जीवा’ हा शब्द त्याच कुळातला. याच ‘जीवा’ शब्दाने अरबीत जाऊन पुढे लॅटिनमध्ये ‘सायनस’ हे रूप घेतले, व माध्यमिक शाळेतील ‘साइन’ त्यातूनच आला.

जीवा व शर ठाऊक असता व्यास काढण्याचा लीलावतीतील नियम असा: अर्ध्या जीवेचा वर्ग करावा, त्याला शराने भागावे, आणि भागाकारात शर मिळवावा. तेथील उदाहरणात व्यास १०, जीवा ६ व शर १ असे आकडे आहेत. अर्धी जीवा ३, तिचा वर्ग ९, एकाने भागून ९, त्यात एक मिळवून १०, ताळा जुळतो. आता दरवाजाच्या कमानीकडे वळावे. अर्धी जीवा ६०, वर्ग ३६००, विसांनी भागून १८०, त्यात २० मिळवून व्यास २००, म्हणून त्रिज्या १०० सेंटिमीटर. हे लीलावतीचेच उदाहरण विसांनी गुणलेले आहे, हे चाणाक्ष मूल आपण होऊन ओळखील. दोरी एक मीटर घ्यावी, आणि कमानीच्या पायथ्याच्या रेषेपासून ८० सेंटिमीटर खाली, रुंदीच्या बरोबर मध्यावर खिळा ठोकावा. ६०, ८० आणि १०० हा तीन-चार-पाचचाच काटकोन त्रिकोण झाला. तो खिळा अर्थातच दरवाजाच्या मोकळ्या जागेत येतो. तेथे आडवी फळी बसवून तिच्यावर तो ठोकावा लागतो.

त्रिज्या व मध्य हाती आल्यावर ‘आर्क’च्या दुसऱ्या रीती खुल्या होतात, आणि येथेच नवशिक्याची खरी फसगत होते. आरंभबिंदू, मध्य व अंत्यबिंदू सांगावयाचे अशी एक रीत आहे. विद्यार्थी सहजच डावीकडून आरंभ करतो, कारण लिहिताना आपण डावीकडून उजवीकडे जातो. तो आरंभ ०,०, मध्य ६०,−८० आणि अंत १२०,० असे सांगतो. सर्व आकडे बरोबर असूनही पडद्यावर कमान उमटत नाही. दरवाजाच्या खाली लोंबणारा एक भला मोठा कंस उमटतो, व तो सुमारे २८६ अंशांचा असतो. विद्यार्थ्याला वाटते की संगणक बिघडला.

बिघडलेले काही नसते. आज्ञावलीने दिशा कोणती धरली हे विद्यार्थ्याने विचारातच घेतलेले नसते. वर्तुळावर दोन बिंदू दिले म्हणजे एकातून दुसऱ्याकडे जाण्याचे मार्ग दोन. त्यांतील कोणता घ्यावा हे सांगितले नाही तर आज्ञावली ठरलेल्या दिशेने जाते, आणि ती दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. हे मुलांना प्रदक्षिणेवरून चटकन समजते. देवळाभोवती फिरताना देव आपल्या उजव्या हाताला ठेवावयाचा असतो. श्रावणात त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीला फेरी घालणारे भाविकही डोंगर उजवीकडे ठेवून चालतात. वरून पाहिले असता ही चाल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे होते. संगणकावरचा कंस याच्या बरोबर उलट चालतो: मध्य आपल्या डाव्या हाताला ठेवून. एवढे ध्यानात ठेवले की कमानीचा आरंभ उजव्या कोपऱ्यापासून का करावयाचा हे स्पष्ट होते. आरंभ १२०,०, मध्य ६०,−८०, अंत ०,० असे सांगितले की कंस उजवीकडून निघून माथ्यावरून डावीकडे उतरतो, व तो सुमारे ७४ अंशांचा असतो. ७४ आणि २८६ मिळून ३६० होतात. म्हणजे चुकीचा कंस हा बरोबर कंसाचा उरलेला भागच होता. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत कंट्रोलची कळ दाबून दिशा उलटविता येते. पण ज्याला दिशा म्हणजे काय ते कळले आहे त्यालाच ती कळ केव्हा दाबावी हे सुचेल.

याच रीतीत आणखी एक गुप्त खाच आहे. तिसरा बिंदू ‘अंत्यबिंदू’ म्हणून विचारला जातो, तेव्हा कंस त्या बिंदूवर येऊन थांबेल असे वाटते. परंतु आरंभ व मध्य दिल्याबरोबर त्रिज्या ठरलेली असते. तिसऱ्या बिंदूने केवळ कोणत्या रोखाने थांबावयाचे एवढेच ठरते. समजा, मध्य सांगताना चुकून ६०,−८० ऐवजी ५०,−८० सांगितला. तर उजव्या कोपऱ्यापर्यंतची त्रिज्या १०६.३ सेंटिमीटर होते, पण डावा कोपरा त्या मध्यापासून ९४.३ सेंटिमीटरच दूर आहे. कंस डाव्या कोपऱ्याच्या रोखाने, पण त्याच्या १२ सेंटिमीटर पलीकडे संपतो. आज्ञावली काही बोलत नाही. तिने सांगितल्याप्रमाणे केलेले असते. पूर्वी जो सहावा आकडा जादा ठरला होता, तो येथे असा आड येतो: सहा आकडे परस्परांशी जुळत नसले तर आज्ञावली पाच ठेवते व एक सोडून देते.

कोन सांगून कंस काढण्याची रीत त्याच्या लगतची. आरंभ व मध्य द्यावे, मग किती अंश फिरावयाचे ते सांगावे. धन कोन सांगितल्यास ठरलेल्या दिशेने, ऋण कोन सांगितल्यास उलट दिशेने कंस जातो. म्हणून डावीकडूनच आरंभ करावयाचा हट्ट असेल तर ऋण कोन द्यावा. कोन पूर्वेकडून, म्हणजे कागदाच्या उजव्या बाजूकडून मोजले जातात. कोनमापकावर उजवीकडच्या शून्यापासून डावीकडे चढत जाणारी जी आकड्यांची ओळ असते तिच्याप्रमाणेच. ही रीत सोपी दिसते, परंतु जेथे दोन्ही टोके पक्की ठरलेली आहेत तेथे ती वापरू नये. कमानीचा कोन नेमका ७४ अंश नाही, तो ७३.७४ च्या जवळ आहे. कोणी ७३ च सांगितला, तर एक मीटर त्रिज्येवर तेवढ्या फरकाने टोक सुमारे १.३ सेंटिमीटर अलीकडे राहते, आणि कमान भिंतीला टेकत नाही. उलट पंख्याचे पाते किंवा नळाचा वाकलेला तुकडा काढावयाचा असून त्याचा कोन आरेखनात ४५ किंवा ९० असा स्पष्ट दिलेला असेल, तर हीच रीत उत्तम. जे माप नेमके ठाऊक आहे ते सांगावे, आणि जे त्यावरून निघते ते आज्ञावलीवर सोपवावे, हा येथला विवेक.

आरंभ, अंत व त्रिज्या सांगण्याची रीत मुलांना सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी आहे. दोन टोके १२० सेंटिमीटर अंतरावर आहेत आणि त्रिज्या १०० आहे, एवढ्यावरून किती कंस निघतात? बहुतेक मुले एक म्हणतील. काही दोन म्हणतील. वस्तुतः चार निघतात. मध्य टोकांच्या रेषेच्या ८० सेंटिमीटर खाली असू शकतो, तसाच ८० सेंटिमीटर वरही असू शकतो. आणि प्रत्येक मध्याभोवती एक लघुकंस व एक विशालकंस. आज्ञावली आपली ठरलेली दिशा लावून चारांचे दोन करते. उरलेल्या दोहोंतून निवड करण्यासाठी एक युक्ती योजलेली आहे: त्रिज्या धन दिली तर लघुकंस, ऋण दिली तर विशालकंस. त्रिज्या ऋण कशी असेल, असा आक्षेप वर्गातून आल्यास तो योग्य समजावा. लांबी म्हणून ती ऋण असूच शकत नाही. ते चिन्ह येथे केवळ खुणेसाठी वापरलेले आहे.

ऋण त्रिज्येने आपल्याच दरवाजावर काय होते ते काढून पाहावे. उजव्या कोपऱ्यापासून निघालेला कंस आधी बाहेरच्या बाजूस फुगतो, १८० सेंटिमीटर उंचीपर्यंत चढतो, आणि पुन्हा आत वळून डाव्या कोपऱ्यावर येतो. हा आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, दाराच्या वर जी मोठी खिडकी कोरलेली आहे, ती अशाच नालेच्या घाटाची आहे. सहलीला गेलेल्या मुलांना तिच्यापुढे उभे करून हा कंस लघु की विशाल, असे विचारण्यास हरकत नाही. मात्र तेथील शिल्पकाराने नुसता एकच कंस वापरलेला नाही, हेही नजरेस आणून द्यावे.

टोकाची दिशा सांगून कंस काढण्याची, तसेच आधीच्या रेघेला जोडून कंस पुढे चालू ठेवण्याची, अशा आणखी दोन रीती आहेत. दोहोंचे तत्त्व स्पर्शिकेचे. कसारा घाटातील रस्ता सरळ येतो आणि वळणाला लागतो तेथे कोपरा पडत नाही. सरळ रेघ ही त्या वळणाच्या कंसाची स्पर्शिका असते. आज्ञावलीत नुकतीच एक रेघ काढून लगेच ‘आर्क’ आज्ञा दिली आणि काही न सांगता एंटरची कळ दाबली, की कंस त्या रेघेच्या टोकापासून, तिला स्पर्श करीत निघतो. मग फक्त शेवट सांगावयाचा. पाच आकड्यांचा हिशेब येथेही लागू आहे: टोकाचे दोन निर्देशक व रोख हे रेघेकडून मिळाले, शेवटच्या बिंदूचे दोन आपण दिले.

काढलेला कंस पडद्यावर मोठा करून पाहिला असता कधी कधी तो तुटक सरळ रेघांचा दिसतो, आणि विद्यार्थी हिरमुसतो. पडद्यावर लवकर चित्र उमटावे म्हणून आज्ञावली तात्पुरत्या लहान लहान रेघा वापरते. ‘रीजन’ ही आज्ञा देताच कंस पुन्हा गुळगुळीत होतो. साठविलेले पाच आकडे तर मुळात बदललेलेच नसतात. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा व कंस काढण्याचे काम इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली अमेरिकेत ‘स्केचपॅड’ नावाच्या आज्ञावलीने करून दाखविले होते. दिसते ते चित्र आणि साठविलेले माप हे दोन वेगळे आहेत, हा भेद तेव्हापासूनचा आहे.

दिशेची चूक कागदावर खोडता येते, पडद्यावर मागे घेता येते. धातूवर मात्र नाही. आकड्यांच्या आज्ञेने चालणाऱ्या लेथवर व कटाई-यंत्रावर कंसासाठी दोन स्वतंत्र आज्ञा असतात: ‘जी०२’ म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि ‘जी०३’ म्हणजे उलट. येथे ठरलेली दिशा नाही, प्रत्येक वेळी सांगावीच लागते. दोन ऐवजी तीन लिहिले गेले, तर जेथे खोलगट वळण हवे तेथे फुगीर वळण कापले जाते, आणि तो तुकडा भंगारात जातो. आतापर्यंत घडविलेल्या भागाचे श्रम, धातूची किंमत आणि कामगाराचा दिवस त्याबरोबर जातो. मध्य उजवीकडे की डावीकडे, या पाचवी-सहावीतील मुलाला विचारता येण्याजोग्या प्रश्नावर ते सर्व अवलंबून असते.

ज्या शाळेत संगणक आहे व वीज पुरेशी आहे, तेथे जिओजेब्रा किंवा लिब्रेकॅड या विनामूल्य आज्ञावलींवर वरील कमान काढून पाहता येईल. ज्या शाळेत ते नाही तेथे पटांगण पुरते. एक खिळा, एक मीटर दोरी आणि चुन्याची फक्की एवढे साहित्य घ्यावे. एका मुलाला संगणक करावे. त्याने सांगितले तेवढेच करावयाचे, स्वतःच्या अकलेने काही सुधारावयाचे नाही, आणि दिशा सांगितली नसेल तर मध्य डाव्या हाताला ठेवून चालावयाचे, अशी त्याला ताकीद द्यावी. दुसऱ्या मुलाने पाठ फिरवून, जमिनीकडे न पाहता, केवळ शब्दांनी कमान सांगावी. पहिल्या एकदोन प्रयत्नांत कमान हमखास चुकेल व वर्ग हसेल. सांगणाऱ्याला चूक शोधावयास लावावे. संगणक झालेल्या मुलाला दोष देऊ देऊ नये, कारण त्याने हुकुमाबाहेर काही केलेले नसते. हा मान वर्गातील सर्वांत खोडकर मुलाला दिल्यास तो ‘मला सांगितलेच नव्हते’ हे वाक्य मोठ्या आनंदाने म्हणतो, आणि खेळाला रंग चढतो.

त्रिज्येचा पाठ दोन दोऱ्यांनी घ्यावा. १२० सेंटिमीटर अंतरावर दोन मुले बसवून प्रत्येकाच्या हाती सारख्या लांबीच्या दोरीचे एक टोक द्यावे. तिसऱ्या मुलाने दोन्ही दोऱ्यांची मोकळी टोके ताणून एकत्र आणावयाची. जेथे ती जुळतील तेथे मध्य. एक मीटरच्या दोऱ्या रेषेच्या अलीकडे एकदा व पलीकडे एकदा, अशा दोन ठिकाणी जुळतात, आणि चार कंसांचे कोडे मुलांना डोळ्यांनी दिसते. साठ सेंटिमीटरच्या दोऱ्या फक्त रेषेच्या मध्यावरच जुळतात, व कंस बरोबर अर्धे वर्तुळ होतो. दहा मीटरच्या दोऱ्या घेतल्या तर मध्य पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि कमान रेषेपासून जेमतेम १.८ सेंटिमीटर उठते. ती कमान आहे की सरळ रेघ, यावर मुलांत वाद होऊ द्यावा. शेवटी पन्नास सेंटिमीटरच्या दोऱ्या द्याव्यात. मुले ओढतील, ताणतील, पुढे सरकू पाहतील. पण टोकांत वीस सेंटिमीटरचे अंतर राहीलच. हीच मापे दिली असता आज्ञावलीही कंस काढण्यास नकार देते.